स्फोट आणि भाजणे : वाफेच्या सुरक्षिततेच्या इतिहासातील एक उणीव

१

यंत्रयुगाच्या इतिहासात वाफेच्या शक्तीला अग्रस्थान देण्याची प्रथा आहे व ती योग्यच आहे. या शक्तीने माणसाला कोणत्या इजा केल्या आणि त्या टाळण्यासाठी समाजाने कोणते उपाय योजले, याचाही इतिहास उपलब्ध आहे. परंतु तो वाचताना एक गोष्ट अभ्यासकाच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही. हा सारा इतिहास बहुतांशी स्फोटांचा इतिहास आहे. बाष्पक, म्हणजे ज्याला आपण बोलण्यात बॉयलर म्हणतो ते पात्र, फुटले की चौकशी झाली, समिती बसली, कायदा झाला. पण बाष्पक न फुटता, यंत्र सुस्थितीत चालू असताना, नळीच्या सांध्यातून सुटलेल्या वाफेने एखाद्याचा हात सोलून निघाला, किंवा पाण्याची पातळी दाखविणारी काच तडकून आगवाल्याचे तोंड भाजले, तर त्याची नोंद या इतिहासात क्वचितच सापडते.

स्फोट ही विरळा घडणारी गोष्ट आहे. भाजणे ही वाफेच्या कारखान्यातील नित्याची गोष्ट आहे. असे असता कायद्याची व तज्ज्ञांची दृष्टी पहिल्या गोष्टीवर इतका दीर्घकाळ खिळून का राहिली, दुसरीकडे ती केव्हा व कशी वळली, आणि या विलंबाचा कामगारांना काय भुर्दंड पडला, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विवेचनाचा रोख मुख्यतः ब्रिटन आणि हिंदुस्थान यांवर राहील; कारण आपल्याकडील बाष्पकांचा कायदा ब्रिटिश अनुभवाच्या छायेत वाढला आहे.

२

इतिहासाकडे वळण्यापूर्वी वाफ इतकी भाजते का, हे थोडक्यात पाहणे अवश्य आहे. त्यावाचून पुढील उपायांचे मर्म कळणार नाही.

ग्लासगो येथील अध्यापक जोसेफ ब्लॅक याने १७६० नंतरच्या काही वर्षांत असे दाखवून दिले की, उकळत्या पाण्याची वाफ होताना ते पुष्कळ उष्णता शोषून घेते, परंतु त्याचे उष्णतामान मुळीच वाढत नाही. या उष्णतेस आपण अप्रकट उष्णता म्हणतो. वातावरणाच्या दाबाखाली १ किलोग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे २,२५७ किलोज्यूल उष्णता लागते. ती नाहीशी होत नाही. वाफेचे पुन्हा पाणी होते त्या क्षणी ती सर्व परत मिळते. आता १०० अंशांचे १ किलोग्रॅम पाणी शरीराच्या उष्णतामानापर्यंत निवताना सुमारे २६४ किलोज्यूल देते. तेवढीच वाफ त्वचेवर निवाली तर ती हे २६४ आणि अप्रकट असलेले २,२५७ असे मिळून सुमारे २,५२० किलोज्यूल देऊन जाते. म्हणजे एकाच उष्णतामानाच्या पाण्यापेक्षा वाफ साडेनऊ पट उष्णता अंगावर टाकू शकते. हे दान ती त्वचेच्या थेट पृष्ठभागावर व अत्यंत वेगाने करते. कपड्यांच्या विणीतून आत शिरून तेथेही करते.

दुसरी गोष्ट काळाची. हार्वर्ड विद्यापीठातील मॉरिट्झ व हेन्रिक्स यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून त्वचा जळण्यास उष्णतामान व अवधी ही दोन्ही कारण होतात, हे सिद्ध झाले. ४४ अंशांच्या स्पर्शाने इजा होण्यास सुमारे ६ तास लागतात. ६० अंशांस सुमारे ५ सेकंद पुरतात. ७० अंशांच्या पुढे एक सेकंदही लागत नाही. वातावरणाहून ७ बार अधिक दाबाच्या वाफेचे उष्णतामान सुमारे १७० अंश असते आणि उघड्या लोखंडी नळीचा पृष्ठभाग जवळजवळ तितकाच तापलेला असतो. चटका बसताच हात मागे घेण्याची जी स्वाभाविक क्रिया, तिला येथे वेळच उरत नाही. ‘सावध राहा’ एवढा उपदेश अशा ठिकाणी निरुपयोगी ठरतो, त्याचे कारण हे आहे.

तिसरी गोष्ट अशी की, खरी वाफ डोळ्यांना दिसत नाही. आपण जिला वाफ म्हणून पाहतो तो निवालेल्या सूक्ष्म जलबिंदूंचा ढग असतो. उच्च दाबाच्या गळतीत छिद्राजवळचा काही भाग संपूर्ण पारदर्शक असतो आणि तोच सर्वांत घातक असतो. गळती कोठे आहे हे हाताने चाचपून पाहणारा माणूस ढगापासून दूर राहतो आणि नेमका त्या अदृश्य भागात हात घालतो.

३

सुरक्षा-झडपेची कल्पना वाफेच्या एंजिनाहूनही जुनी आहे. देनी पापँ या फ्रेंच संशोधकाने हाडे शिजविण्याचे बंद पात्र १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले आणि १६८१ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या पात्रावर तरफेने व वजनाने दाबून धरलेली झडप होती. दाब मर्यादेबाहेर गेला की वजन उचलले जाई व वाफ निसटून जाई. पुढील दीडशे वर्षांतील सर्व झडपा या एका कल्पनेच्या वंशातील आहेत.

न्यूकोमेनच्या १७१२ मधील आणि पुढे जेम्स वॉटच्या एंजिनांत दाब वातावरणाच्या दाबाहून फारसा अधिक नसे. उच्च दाबाला वॉटचा विरोधच होता. तो दाब प्रत्यक्ष व्यवहारात आणणाऱ्यांत रिचर्ड ट्रेव्हिथिक प्रमुख होय. ८ सप्टेंबर १८०३ रोजी ग्रिनिच येथे त्याचे एक बाष्पक फुटून चौघे ठार झाले. एंजिनावर नेमलेला मुलगा जागा सोडून गेला होता आणि झडप मोकळी न करताच एंजिन थांबविण्यात आले, असे कारण त्या वेळी पुढे आले. प्रतिस्पर्ध्यांनी या प्रसंगाचा पुरेपूर उपयोग करून घेतला. ट्रेव्हिथिकने मात्र त्यातून धडा घेतला: पुढील बाष्पकांना त्याने दोन झडपा बसविल्या व त्यांतील एकच चालकाच्या हाती ठेवली, पाणी आटून पत्रा तापला तर वितळून जाणारी शिशाची खुंटी बसविली, आणि दाब दाखविणारी पाऱ्याची नळीही जोडली.

या उपायांमागील विचार नीट पाहण्यासारखा आहे. माणूस चुकेल, कंटाळेल, जागा सोडून जाईल, हे गृहीत धरून त्याच्या चुकीने पात्र फुटू नये अशी योजना येथे आहे. १८१७ साली नॉरिच येथील आगबोटीच्या बाष्पकाचा स्फोट झाला, तेव्हा ब्रिटिश लोकसभेच्या समितीने याच विचाराला पुढे नेले आणि दोन झडपांपैकी एक चालकाला हात लावता येऊ नये अशी बंदिस्त असावी अशी शिफारस केली. फ्रान्समध्ये १८२३ च्या राजाज्ञेने दोन झडपा व वितळणाऱ्या चकत्या सक्तीच्या केल्या. अशा रीतीने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चरणातच पात्राच्या रक्षणाचे तत्त्व निश्चित झाले.

परंतु सुरक्षा-झडप पात्राचे रक्षण करते. शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे करतेच असे नाही. झडप उघडली म्हणजे वाफ बाहेर पडणारच. तिचे तोंड खोलीतच उघडत असेल तर जी वस्तू स्फोट टाळते तीच माणसाला भाजते. झडपेच्या मुखाला नळी जोडून ती छपराबाहेर निर्वेध जागी नेणे हा वेगळा उपाय आहे आणि त्याचा प्रश्नही वेगळा आहे. पहिला प्रश्न पात्राच्या बळाचा, दुसरा माणसाच्या जागेचा. हे दोन प्रश्न इतिहासात फार काळ वेगळे केले गेले नाहीत.

४

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील गिरणीपट्ट्यांत बाष्पकांची संख्या झपाट्याने वाढली. १८५४ साली मँचेस्टर येथे विल्यम फेअरबेर्न प्रभृतींच्या पुढाकाराने बाष्पक वापरणाऱ्या मालकांची एक संस्था स्थापन झाली. स्फोटांना आळा घालणे आणि वाफेच्या उत्पादनात व वापरात काटकसर साधणे, असे दुहेरी उद्दिष्ट तिने स्वीकारले होते. ठराविक काळाने तज्ज्ञाकडून तपासणी हे तिचे साधन होते. अमेरिकेत १८६६ साली हार्टफर्ड येथे तपासणी व विमा एकत्र करणारी कंपनी निघाली. ब्रिटनमध्ये १८८२ च्या बाष्पक-स्फोट कायद्याने प्रत्येक स्फोटाची शासकीय चौकशी सुरू झाली. १९०१ च्या कारखाने कायद्याने झडप, दाबमापक व पाणीमापक सक्तीचे केले आणि दर १४ महिन्यांत निदान एकदा तपासणीचे बंधन घातले. अमेरिकेत २० मार्च १९०५ रोजी ब्रॉक्टन येथील जोड्यांच्या कारखान्यात बाष्पक फुटून ५८ माणसे मेली. तेव्हा मॅसॅच्युसेट्स राज्याने नियम केले आणि पुढे यांत्रिक अभियंत्यांच्या राष्ट्रीय संस्थेने १९१४ साली बाष्पक-रचनेची संहिता स्वीकारली.

या प्रयत्नांचे श्रेय कमी लेखण्याचा येथे मुळीच हेतू नाही. कोणी असा आक्षेप घेईल की, ज्या अपघातात एका क्षणी पन्नास माणसे मरतात त्याचा बंदोबस्त समाजाने आधी केला, यात वावगे ते काय? आक्षेप रास्त आहे. परंतु अग्रक्रम हे या दुर्लक्षाचे एकमेव कारण नव्हते. साधनाचा स्वभाव हेही कारण होते. पत्रा गंजतो, रिव्हेटी सैल होतात, क्षार साचतो, या क्रिया मंद गतीने चालतात. वर्षातून एकदा येणाऱ्या निरीक्षकाला त्या दिसतात व मोजता येतात. भाजण्याचा धोका मात्र एखादा व्हॉल्व्ह उघडण्याच्या अर्ध्या मिनिटात उत्पन्न होतो आणि तितक्याच वेळात नाहीसा होतो. निरीक्षक येईल त्या दिवशी तो तेथे नसतोच. वार्षिक तपासणी धातूला लागू पडते. कामाच्या पद्धतीला लागू पडत नाही. ज्या साधनाने स्फोट आवरले गेले त्याच साधनाच्या दृष्टीला भाजणे दिसणे शक्य नव्हते, असे म्हणावयास हरकत नाही.

मँचेस्टरच्या संस्थेचे दुसरे उद्दिष्ट, म्हणजे काटकसर, याचा येथे एक अनपेक्षित लाभ झाला. वाफेच्या नळ्यांवर उष्णतारोधक आच्छादन घालण्याची चाल मुख्यत्वे कोळसा वाचविण्यासाठी पडली आणि तिने आपोआप पुष्कळ हात वाचविले. परंतु लाभ काटकसरीतून आला असल्यामुळे तो काटकसरीच्या मर्यादेतच राहिला. सरळ नळी झाकली गेली. व्हॉल्व्ह, सांध्याच्या चकत्या आणि गाळण्या वारंवार उघडाव्या लागतात म्हणून त्या उघड्याच ठेवण्यात आल्या. म्हणजे जेथे माणसाचा हात नेमका जातो तीच जागा अनाच्छादित राहिली.

५

आता आपल्या देशाकडे वळू. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ साली सूतगिरणीची कंपनी काढली व १८५६ साली गिरणी चालू झाली. त्यापूर्वीच, १८५३ मध्ये, मुंबई-ठाणे आगगाडी धावू लागली होती. वाफ अशा रीतीने शहरी जीवनाचा भाग बनत असताना १८६३ साली कलकत्त्यास बाष्पकाचा भयंकर स्फोट होऊन अनेक जीव गेले आणि १८६४ साली बंगालने बाष्पक-तपासणीचा कायदा केला. पुढे इतर प्रांतांनीही आपापले कायदे केले. अशा सात निरनिराळ्या कायद्यांचा व सात नियमावल्यांचा गोंधळ दूर करण्यासाठी १९२०-२१ मध्ये समिती नेमली गेली आणि १९२३ साली संपूर्ण देशासाठी एक कायदा झाला. १९२३ चा ५ वा कायदा तो हाच.

या कायद्याच्या दुसऱ्या कलमात ‘अपघात’ या शब्दाची व्याख्या होती. बाष्पकाचा किंवा वाफेच्या नळीचा स्फोट, अथवा ज्यामुळे त्यांचे बळ कमी होऊन स्फोट होण्याचा संभव उत्पन्न होईल अशी हानी, एवढाच तिचा आशय. या व्याख्येत धातूच्या हानीचा उल्लेख आहे. माणसाच्या हानीचा नाही. एखादा फायरमन गळणाऱ्या कॉकच्या वाफेने भाजून मेला, पण कॉक व पात्र यांचे बळ कायम राहिले, तर व्याख्येच्या शब्दांनुसार अपघात घडलाच नाही. उलट, पत्र्याला फुगवटा आला आणि कोणाला ओरखडाही उठला नाही, तरी तो अपघात होय व चोवीस तासांत कळविण्यास पात्र होय. हे कायदा करणारांच्या निष्ठुरपणाचे लक्षण मानण्याचे कारण नाही. तीन पिढ्या केवळ स्फोटाचाच विचार केलेल्या परंपरेतून दुसरी व्याख्या निघणे कठीण होते.

माणसाच्या बाजूने विचार करणारा प्रवाह मात्र याआधीच, आणि तोही मराठी मुलखात, सुरू झाला होता. ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत गिरणी-कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत, या चार मागण्या सर्वश्रुत आहेत. पाचवी मागणी अशी होती की, कामावर गंभीर इजा झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे व तो कायमचा निकामी झाल्यास त्याच्या निर्वाहाची योग्य तरतूद व्हावी. इजा कोणत्या यंत्राने झाली, त्या यंत्राचे काय झाले, याची पृच्छा या मागणीत नाही. तिने अपघाताचे माप माणसाच्या शरीरावर घेतले.

ही मागणी मान्य होण्यास एकोणचाळीस वर्षे लागली. १९२३ चा ८ वा कायदा, म्हणजे कामगार-नुकसानभरपाईचा कायदा, बाष्पक-कायद्याच्या मागोमाग त्याच वर्षी संमत झाला. एका कायद्याने पात्राचा हिशेब ठेवला, दुसऱ्याने माणसाचा. परंतु दुसऱ्यातही भाजण्याच्या इजेला पुरेसा न्याय मिळाला असे नाही. मूळ कायद्यात दहा दिवसांहून अधिक काळ कामास असमर्थ करणारी इजाच भरपाईस पात्र होती. ही मर्यादा १९३३ साली सात दिवसांवर व १९५९ साली तीन दिवसांवर आली. वाफेने मनगट भाजून आठ दिवस घरी बसलेला मजूर १९२३ च्या हिशेबात नाही. पुढे, कायमच्या अपंगत्वाची टक्केवारी सांगणारी अनुसूची मुख्यतः गमावलेल्या अवयवांची होती. भाजण्याने अवयव बहुधा जात नाही. त्वचा आखडते, बोटे वळेनाशी होतात, चेहरा विद्रूप होतो. चेहऱ्याच्या अत्यंत गंभीर विद्रूपतेचा स्वतंत्र समावेश १९६२ च्या दुरुस्तीने झाला.

१९४८ च्या कारखाने कायद्याने दाबाखाली चालणाऱ्या यंत्रसामग्रीसाठी स्वतंत्र कलम घातले, बाष्पकाची भट्टी व धुरांडी पुरेशी निवल्याशिवाय आत कोणास पाठवू नये असे बजावले आणि ४८ तास कामावर येऊ न देणारी इजा कळविणे बंधनकारक केले. तेव्हा भाजण्याची नोंद कोठेच होत नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र ती कारखाना-निरीक्षकाच्या वहीत होत होती. बाष्पक-निरीक्षकाच्या वहीत नव्हे. ज्या अधिकाऱ्याला वाफेचे ज्ञान होते त्याच्याकडे धातूची वही, आणि ज्याच्याकडे माणसांची वही होती त्याला वाफेखेरीज इतर शंभर यंत्रे पाहावयाची, अशी ही विभागणी होती.

ही उणीव कायद्यात केव्हा भरून निघाली? २००७ साली. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ‘अपघात’ या शब्दाच्या व्याख्येत, ज्यापासून कोणास मृत्यू वा इजा होण्याचा संभव आहे अशा रीतीने पाणी किंवा वाफ अनिर्बंधपणे बाहेर पडणे, याचा समावेश झाला. १९२३ पासून मोजले तर ८४ वर्षे, आणि लोखंड्यांच्या निवेदनापासून मोजले तर १२३ वर्षे यास लागली. त्यानंतर १९२३ चा कायदाच २०२५ साली रद्द होऊन त्याची जागा नव्या बाष्पक कायद्याने घेतली आहे.

६

कायद्याच्या मंदगतीला बाजूस ठेवून कारखान्यातील व्यवहाराकडे पाहिले तर भाजणे टाळण्याचे ज्ञान बरेच आधी परिपक्व झालेले दिसते. वाफेवर काम करणाऱ्या माणसांनीच ते वाढविले आणि एका हातातून दुसऱ्या हातात दिले. त्यातील मुख्य गोष्टी कारणांसह पाहू.

पहिली, नळीतील जलाघात. थंड नळीत वाफ सोडली की तिचा काही भाग निवून पाणी होतो व ते नळीच्या झोळात साचते. वरून वेगाने जाणारी वाफ त्या पाण्याची गुठळी करून ती वाकणावर किंवा व्हॉल्व्हवर आदळते. बिडाचा व्हॉल्व्ह अशा आघाताने फुटतो, आणि तो उघडणारा माणूस नेमका तेथेच उभा असतो. म्हणून नळी प्रवाहाच्या दिशेने उतरती असावी, खोलगट जागी पाणी काढणारा सापळा असावा, आधी निथळीचा कॉक उघडावा आणि मुख्य व्हॉल्व्ह किंचित उघडून नळी तापू द्यावी. नळीत ठोके ऐकू येऊ लागले तर व्हॉल्व्ह आणखी उघडू नये. वाफ बंद करून नळी निथळू द्यावी. १८ जुलै २००७ रोजी न्यूयॉर्क शहरात रस्त्याखालची १९२४ साली घातलेली वाफेची नळी फुटली, तेव्हा हेच घडले होते. गळती बुजविण्यासाठी वापरलेला लेप सापळ्यात जाऊन बसला, पाणी निघेनासे झाले आणि जलाघाताने नळी फुटली. एक व्यक्ती मृत्यू पावली, अनेक जखमी झाल्या, एकजण अतिशय भाजला. बाष्पकाचा तेथे काही दोष नव्हता.

महाराष्ट्रात या धड्याचे महत्त्व विशेष आहे. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ मध्ये झाला आणि त्यानंतर राज्यभर असे कारखाने उभे राहिले. साखर कारखाना हंगामी असतो. कित्येक महिने थंड पडलेल्या नळ्यांत हंगामारंभी प्रथमच वाफ सोडली जाते. बाष्पकाच्या अग्निप्रदीपनाचा समारंभ आपण पूजाअर्चेने व थाटामाटाने साजरा करतो. परंतु धोका भट्टीपाशी असतो त्याहून अधिक रसाच्या कढयांकडे जाणाऱ्या लांबलचक थंड नळ्यांत, समारंभ आटोपल्यानंतरच्या काही तासांत असतो.

दुसरी गोष्ट, गरम पाण्याची फसवी शांतता. ७ बार दाबाखालील १७० अंशांचे पाणी मोकळ्या हवेत आले की त्यातील सुमारे १३ टक्के भाग तत्काळ वाफ होतो, आणि वातावरणाच्या दाबाखाली १ किलोग्रॅम वाफ सुमारे १,६७० लिटर जागा व्यापते. बाष्पकातील गाळ बाहेर सोडणाऱ्या नळीचे तोंड ज्या खड्ड्यात असते तेथे कोणी नसल्याची खात्री का करावयाची, ते यावरून कळेल.

तिसरी, पाण्याची पातळी दाखविणारी काच. ती झिजते व अचानक फुटते. म्हणून तिच्याभोवती जाड काचेचे संरक्षक आवरण हवे, आणि कॉक उघडताना समोर उभे न राहता बाजूस उभे राहावे.

चौथी, सांधा उघडणे. व्हॉल्व्ह बंद केला म्हणजे नळी रिकामी झाली असे होत नाही. आतील दाब निथळीच्या कॉकमधून जाऊ द्यावा, तो कॉक तुंबलेला नाही याची खातरजमा करावी, आणि बोल्ट सैल करताना आपल्यापासून दूरचा आधी सैल करावा, म्हणजे उरलीसुरली वाफ विरुद्ध बाजूने निसटेल.

पाचवी व सर्वांत भीषण गोष्ट अशी की, एकाच नळीला जोडलेल्या दोन बाष्पकांपैकी एकात माणूस साफसफाईस उतरलेला असताना दुसऱ्यातील वाफ वा गरम पाणी त्यात येणे. ब्रिटनच्या १९६१ च्या कारखाने कायद्याच्या ३४ व्या कलमाने यावर मार्मिक तोड काढली. आत शिरण्यापूर्वी सर्व जोडण्या तोडाव्यात अथवा व्हॉल्व्ह बंद करून कुलूपबंद करावेत. आणि गाळनळी सामाईक असेल तर तिचा व्हॉल्व्ह अशा एकाच किल्लीने उघडावा की, व्हॉल्व्ह बंद झाल्यावाचून ती किल्ली निघणारच नाही. एकच किल्ली असल्यामुळे एका वेळी एकच व्हॉल्व्ह उघडा राहू शकतो. ट्रेव्हिथिकने झडपेच्या बाबतीत जो विचार केला होता, तोच विचार येथे प्रथम पात्राऐवजी माणसासाठी वापरलेला दिसतो. अमेरिकेत १९८९ साली जाहीर झालेल्या कुलूप व फलक यांच्या नियमाने त्याला सर्व प्रकारच्या ऊर्जांपर्यंत व्यापक केले. दुरुस्ती करणाऱ्याने स्वतःचे कुलूप लावावे व त्याची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी, हे त्याचे सार.

या सर्व उपायांत एक समान सूत्र आहे. हातमोजे, जाड कपडे, चेहऱ्यावरील ढाल ही साधने अवश्य असली तरी ती शेवटची फळी होत; भिजलेला हातमोजा तर उष्णता अधिकच त्वरेने आत नेतो. वाफ माणसापर्यंत पोहोचूच नये अशी व्यवस्था ही पहिली फळी होय. आणि सर्व फळ्या ढासळल्या तर भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरणे, हा प्रथमोपचार सर्वांना ठाऊक असला पाहिजे. तूप, शाई वा दंतमंजन लावण्याच्या घरगुती चालीने उष्णता आतच कोंडली जाते.

७

हे ज्ञान उपलब्ध असूनही ते सर्वांपर्यंत पोहोचत नाही, हा खरा आजचा प्रश्न आहे. बाष्पक चालविणाऱ्या परिचरास परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावे लागते. परंतु खळ लावण्याच्या खात्यात, रंगखात्यात वा रसाच्या कढईपाशी तीच वाफ हाताळणाऱ्या माणसाला कोणत्याही परीक्षेची अट नाही. वाफ बाष्पकातून निघाली की प्रमाणपत्राची हद्द संपते. भाजण्याची हद्द मात्र तेथून सुरू होते.

१ नोव्हेंबर २०१७ रोजी उत्तर प्रदेशातील ऊंचाहार येथील औष्णिक वीजकेंद्रात ५०० मेगावॅटच्या नव्या संचात राख साचून दाब वाढला आणि तप्त वायू, राख व वाफ यांचा लोट बाहेर पडून चाळीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. बहुतेक सारी भाजून मेली आणि त्यांत कंत्राटी मजुरांचा भरणा मोठा होता. यंत्र जुने वा गंजलेले नव्हते. चालू संचाच्या इतक्या जवळ इतकी माणसे का होती, हा येथील प्रश्न आहे, व तो धातुशास्त्राचा नसून कामाच्या पद्धतीचा आहे. मँचेस्टरच्या परंपरेत वाढलेल्या निरीक्षकाला हा प्रश्न विचारण्याची सवय नाही.

२०२५ च्या कायद्याने पूर्वीच्या सात अपराधांपैकी जीवित व मालमत्ता यांस धोका उत्पन्न करणारे चार गंभीर अपराध तेवढे फौजदारी ठेवले व इतरांस आर्थिक दंडाचे रूप दिले. त्याचा परिणाम काय होतो हे काळ ठरवील. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र एवढे निश्चित सांगता येते की, दंडाच्या स्वरूपापेक्षा व्याख्येचे स्वरूप अधिक दूरगामी ठरत आले आहे. ज्याला अपघात म्हटले गेले त्याची चौकशी झाली, आणि ज्याची चौकशी झाली त्यावरच उपाय निघाले. ज्याला अपघात म्हटलेच नाही ते ‘कामातली गोष्ट’ म्हणून सोसले गेले.

विद्यार्थ्यांनी या विषयाकडे वळावे असे सुचवून हा लेख संपवितो. स्फोटांचे अहवाल छापील स्वरूपात ग्रंथालयांतून मिळतात; त्यांवर काम झाले आहे व होईल. भाजण्याचा इतिहास मात्र गिरण्यांच्या दवाखान्यांच्या वह्यांत, हजेरीपटावरील खाड्यांत, नुकसानभरपाईच्या दाव्यांत आणि निवृत्त फायरमन व जॉबर यांच्या आठवणींत विखुरलेला आहे. मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या, त्यांची धुरांडी गेली. ही कागदपत्रे व ही माणसेही फार काळ राहणार नाहीत. पात्राचा इतिहास लिहून झाला आहे. हाताचा इतिहास अजून लिहावयाचा आहे, आणि त्याची साधने हाताशी आहेत तोवरच तो लिहिणे शक्य आहे.